मोरीचा पाईप गळतो? डाख नको, झाळ नको – घरच्या घरी दुरुस्ती करा



गळीत हंगाम संपला की कारखान्यात काय काय चालते, हे ऊस उत्पादक सभासदांना सांगायला नको. मिलचे रोलर उघडतात, बॉयलरच्या नळ्या तपासतात, पंपांचे ग्लँड नव्याने भरतात, जिथे जिथे रस, वाफ किंवा पाणी गळते तिथे खडूने खूण करतात. पुढची मोळी गव्हाणीत पडायच्या आत त्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या पाहिजेत, असा दंडक असतो. कारण गळती म्हणजे तोटा, हे कारखानदारीतले पहिले गणित.

हाच दंडक आपल्या घराला आपण लावतो का? शेतातली पाईपलाईन फुटली तर रात्री बॅटरी घेऊन आपण विहिरीवर जातो. घरातल्या मोरीचा पाईप मात्र वर्ष वर्ष गळतो. घरातली बाई दहा वेळा सांगते, आणि आपले उत्तर ठरलेले: "बघू की उद्या." त्यातून कुणी मनावर घेतलेच, तर "डाख द्यावा लागंल, त्याला माणूस पाहिजे, उमरग्याहून आणावा लागंल" असे म्हणून काम पुन्हा मागे पडते.

सांडपाण्याच्या पाईपाला डाखाची गरज नसते, आणि शंभरातल्या बहुतेक गळत्या घरच्या माणसाला, घरच्या सामानात, एका दिवसात बंद करता येतात. हे कसे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

गळती थेंबाची, नुकसान भिंतीचे

आधी थोडा हिशेब मांडू. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दररोज ५५ लिटर पाणी मिळावे असे माप धरले आहे. पाच माणसांच्या घराला ते २७५ लिटर होते. पिण्या-रांधण्याचे थोडे सोडले तर बाकी सारे धुण्याभांड्याचे, आंघोळीचे पाणी मोरीवाटेच बाहेर जाते. त्यातला दहावा भाग जरी फुटक्या जोडातून झिरपला, तरी रोज पंचवीस लिटर पाणी, म्हणजे दीड-दोन घागरी, आपल्याच हाताने आपण घराच्या पायात ओततो. महिन्याला हे साडेसातशे लिटर झाले.

हे पाणी जाते कुठे? आपल्या भागातली जुनी घरे दगड आणि मातीची. भिंती दोन-अडीच फूट जाड, वर माळवद. दगडाला दगड धरून ठेवतो तो मधला मातीचा गिलावा. माती कोरडी आहे तोवर तिची पकड. ती ओली झाली की लोणा लागतो, माती सुटते, पोट धरलेली भिंत हळूहळू फुगते. वरून रंग दिला की ते झाकते, बरे होत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागाला विसरता येणार नाही. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे गेली. ती बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद अंगावर पडून गेली. लोहारा तालुका तेव्हा उमरगा तालुक्यातच होता. त्या आपत्तीचे खापर मोरीच्या पाण्यावर फोडायचे नाही. पण भिंतीच्या पायथ्याला ओल मुरू द्यायची नाही, ही गोष्ट आपल्या हातातली आहे. ती हातातली असताना सोडून देणे शहाणपणाचे नव्हे. भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेल्या घरांनाही आता पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्या घरांचे मूळचे पाईप शिल्लक असतील, तर त्यांचेही वय झाले आहे असे समजावे.

दुसरे नुकसान आरोग्याचे. बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही. पाणी चालू असते तेव्हा नळाच्या पाईपात दाब असतो, त्यामुळे बाहेरची घाण आत शिरत नाही. पाणी बंद झाले की दाब जातो. पाईप रिकामा होताना आत ओढ धरतो, आणि त्याला कुठे बारीक भोक असेल तर शेजारच्या गळक्या सांडपाण्याचे पाणी त्यात ओढले जाते. दुसऱ्या दिवशी तेच घागरीत येते. कावीळ, गॅस्ट्रोची साथ गावात अशीही शिरते. शिवाय घाण पाण्याच्या डबक्यात क्युलेक्स जातीचा डास वाढतो, आणि हत्तीरोग पसरवणारा डास तोच.

तिसरे नुकसान शेजारधर्माचे. "तुमचं पाणी आमच्या दारात" या एका वाक्यावरून गावोगाव किती भांडणे उभी राहिली, याची मोजदाद कुणी करू नये.

डाख का नको?

डाख म्हणजे कथील आणि शिसे यांचे मिश्रण. ते साधारण १८३ अंश सेल्सिअसपासून पुढे वितळते. ते धरायला धातू लखलखीत स्वच्छ आणि पूर्ण कोरडा लागतो. मोरीच्या पाईपात ओल असतेच. पाणी १०० अंशाच्या वर तापत नाही, ते वाफ होऊन उडते आणि उष्णता घेऊन जाते. त्यामुळे आत पाणी असेतोवर जोड तापतच नाही, डाख वरच्यावर गोळा होऊन पडतो. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या पाईपाला डाख नीट धरत नाही. पीव्हीसी तर ८० अंशाच्या आसपासच मऊ पडतो, त्याला दिवा लावला तर पाईपच वाकतो.

आणि मुख्य गोष्ट अशी की त्याची गरजही नाही. विहिरीवरच्या पाईपात पंपाचा दाब असतो. दहा मीटर उंच पाणी चढवायचे म्हटले तरी दर चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब येतो. सांडपाण्याचा पाईप चढवणारा नव्हे, उतरणारा. पाणी आपल्या वजनाने वाहते, आतून रेटा नसतो. म्हणून रबर, लांबी, सोल्यूशन, सिमेंट अशा थंड उपायांनी हा पाईप वर्षानुवर्षे टिकतो. कारखान्यातसुद्धा मोठमोठे पाईप फ्लँज, गॅस्केट आणि बोल्टवर जोडलेले असतात, ते सभासदांनी पाहिले आहेतच.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. पाईप चोंदला की पाणी आत तुंबते आणि जोडावर रेटा येतो. अशा वेळी जोड गळतो तो दोष जोडाचा नव्हे, तुंबाऱ्याचा. म्हणून आधी पाईप मोकळा करा, मग जोडाकडे बघा. पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागते.

आधी गळती शोधा

ओल दिसते तिथेच भोक असते असे नाही. पाणी पाईपाच्या अंगाने सरकत खाली येते आणि सगळ्यात खोलगट जागी टपकते. त्यासाठी सोपी रीत आहे.

मोरी अर्धा दिवस बंद ठेवा. पाईप कोरड्या फडक्याने पुसून काढा. खाली जुने वर्तमानपत्र अंथरा. मग बादलीभर पाण्यात चमचाभर नीळ कालवून ते पाणी हळूहळू मोरीत सोडा आणि पाईपावर वरपासून खालपर्यंत नजर ठेवा. जिथे पहिला निळा थेंब उमटेल, ती गळतीची जागा. तिथे खडूने खूण करा. पाईप जमिनीत असेल तर त्याचे खालचे तोंड फडक्याचा बोळा घालून बंद करा, वर काठोकाठ पाणी भरा आणि अर्धा तास थांबा. पाणी उतरले तर पाईप कुठे तरी गळतो आहे. मग भिंतीपासून सुरुवात करून उकरत जावे. बोळा काढायला मात्र विसरू नका.

पाईप कोणता, त्यावर उपाय कोणता

एक नियम सगळ्यांना सारखा: जागा कोरडी, स्वच्छ आणि थोडी खरबरीत झाल्याशिवाय काहीही लावू नये. घाईने ओल्या पाईपावर लावलेली लांबी दुसऱ्या दिवशी पापुद्र्यासारखी निघून येते, आणि मग माणूस लांबीला नावे ठेवतो.

१) नट-वॉशरचा जोड. बेसिनखाली किंवा भांडी घासायच्या ओट्याखाली हाताने फिरवायचे प्लॅस्टिकचे नट असतात. तिथली गळती बहुधा आतला रबरी वॉशर कडक होऊन चिरल्यामुळे होते. खाली बादली ठेवा, नट सोडवा, वॉशर घेऊन दुकानात जा आणि त्याच मापाचा नवा आणा. पाईपाचे तोंड पुसून वॉशर सरळ बसवा आणि नट हातानेच आवळा. पान्हा लावून जोर केला की प्लॅस्टिकची आटी मोडते आणि दोन रुपयांचे काम महागात पडते.

२) पीव्हीसी पाईप. याचे काम शेतकऱ्याला शिकवायला नको. पाईपलाईन जोडताना उरलेली सोल्यूशनची डबी आणि पाईपाचे तुकडे शेडात पडलेले असतातच. डबीतले सोल्यूशन घट्ट गोळा झाले असेल तर ती फेकून द्या. त्यात पातळ करायला काही मिसळू नका.

पाईपाला चीर गेली असेल तर त्याच मापाच्या पाईपाचा एक तुकडा घ्या. चिरेच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटे पुरेल एवढी त्याची लांबी असावी. हॅक्सॉने तो उभा असा कापा की अर्ध्याहून थोडा जास्त गोल शिल्लक राहील. पाईपाची जागा आणि तुकड्याची आतली बाजू पॉलिश पेपरने घासा, पुसा, दोन्हीकडे सोल्यूशन लावा आणि तुकडा पाईपावर दाबून बसवा. वरून बाइंडिंग वायरने तीन-चार ठिकाणी बांधा. चोवीस तास पाणी सोडू नका. दुसऱ्या दिवशी तार काढली तरी चालते.

चीर मोठी असेल तर तेवढा भाग कापून काढा आणि दोन कपलर व एक तुकडा घालून जोडा. पाईप दोन्हीकडून पक्का असल्यामुळे तुकडा आत जात नाही, अशी अडचण येते. त्यासाठी कपलरच्या आतली मधली कड कानशीने काढून टाका. मग कपलर पाईपावर पूर्ण मागे सरकतो, तुकडा बसवून तो पुन्हा पुढे ओढता येतो. खुणा आधी करून ठेवा, कारण सोल्यूशन लावल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. काम करताना दारे-खिडक्या उघड्या ठेवा आणि बिडी-काडी लांब ठेवा. त्या सोल्यूशनची वाफ पेट घेते.

नवा पाईप घ्यायचा झाला तर सांडपाण्यासाठीचा, आयएस १३५९२ ची खूण असलेला घ्यावा. त्यात 'ए' प्रकार पावसाच्या पाण्याचा व हवेच्या नळीचा, 'बी' प्रकार मैल्याचा व सांडपाण्याचा. मोरीला 'बी' घ्यावा. रबर रिंगचा जोड असेल तर रिंगला साबणाचे पाणी लावा, तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगते. पाईप पूर्ण आत घालून खूण करा आणि बोटभर, म्हणजे सुमारे दहा मिलिमीटर, बाहेर ओढून ठेवा. उन्हाने पाईप वाढला तर त्याला जागा राहते.

३) लोखंडी आणि बीडाचा पाईप. भोक बारीक असेल आणि काम आजच भागवायचे असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी कापा. पाईपावरचा गंज घासून काढा. पट्टी ताणून, निम्म्यावर निम्मी चढवत, भोकाच्या दोन्ही बाजूंना वीतभर गुंडाळा आणि वरून तार किंवा क्लँप आवळा. ही मलमपट्टी झाली. ती चार-सहा महिने चालते, पण पक्की नव्हे.

पक्के काम दोन भागांच्या लांबीने होते. बाजारात एम-सील म्हणून मिळते ती हीच. पाईप पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. दोन्ही भाग सारखे घ्या आणि रंग एकजीव होईपर्यंत, कणीक मळावी तसे मळा. रंगाच्या रेघा दिसत असतील तर मळणे अपुरे आहे. ती भोकात दाबून भरा, मग आजूबाजूला पातळ न होता जाडसर थर द्या, कडा बोटाने दाबून घ्या. हाताला पाणी लावून वरून गुळगुळीत करता येते. दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी सोडू नका. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून मळावे, कारण काहींच्या कातड्याला ती सोसत नाही.

जुन्या बीडाच्या पाईपाच्या जोडात शिसे ओतलेले असते. तो जोड पाझरत असेल तर शिसे पुन्हा तापवायची गरज नाही. बोथट छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन जोडाभोवती सगळीकडून थोडे थोडे ठोकत गेले की शिसे आत दबते आणि फट बुजते. एका जागी जोर करू नका, बीड तडकते. काम झाल्यावर हात साबणाने धुऊन मगच खाण्याला लावा, शिसे विषारी आहे.

४) सिमेंटचा आणि चिनी मातीचा पाईप. याचे एक तोंड फुगीर असते आणि दुसऱ्या पाईपाचे सरळ टोक त्यात बसते. जोडातला जुना सिमेंट खिळ्याने खरवडून काढा. डांबर लावलेली तागाची दोरी फटीत गोल फिरवून लाकडी पाचरीने ठासा. पंपाच्या ग्लँडला दोरी भरतो तशीच. दोरीने फटीचा तिसरा हिस्सा भरला की उरलेल्या जागेत एकास एक सिमेंट-वाळू घट्ट कालवून भरा आणि बाहेरून उतरती कड द्या. ओले पोते गुंडाळून सात दिवस ओलसर ठेवा. सिमेंट उन्हात सुकवले की तडकलेच म्हणून समजा.

ॲस्बेस्टॉस सिमेंटचा जुना पाईप असेल तर तो कोरडा कापू किंवा घासू नये. त्याची धूळ छातीत गेली की वर्षांनी जिवावर बेतणारा आजार होतो. पाणी मारत, हाताच्या करवतीने आणि तोंडाला फडके बांधून काम करावे. शक्य असेल तर तो पाईप न कापता बदलून टाकावा.

बुजवलेला जोड पुन्हा का गळतो?

याचे उत्तर आपल्या जमिनीत आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. ज्या भेगेत हात जातो, त्या भेगेने पाईपाचा जोड ओढला जाणार नाही तर काय? त्यात जोडातून पाणी झिरपत असेल तर तेवढीच माती फुगते, बाकीची तशीच राहते, आणि पाईप मधेच मोडतो. म्हणजे गळतीने गळती वाढते.

म्हणून जमिनीतला पाईप उघडा केलाच आहे, तर त्याच्याखालची वीतभर काळी माती काढून टाका आणि तिथे मुरूम किंवा वाळू टाकून चोपून घ्या. पाईप त्या गादीवर सबंध लांबीने टेकला पाहिजे. दोन विटांवर ठेवलेला पाईप मधे वाकतो आणि वाकला की जोड उघडतो. वरूनही आधी वाळू-मुरूम, मग माती. भिंतीवरच्या पाईपाला दर तीन-चार फुटांवर पट्टी ठोका.

उतार चाळीसास एक धरावा. म्हणजे दहा फूट लांबीत तीन इंच. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळीची पाणीलेव्हल घेतली की उतार चुकत नाही. उतार कमी पडला तर राख, केस, खरकटे साचून पाईप तुंबतो आणि पुन्हा जोडावर रेटा येतो. फुगीर तोंडाचे पाईप टाकताना फुगीर तोंड नेहमी चढाच्या बाजूला ठेवावे. पाणी एका पाईपातून दुसऱ्याच्या तोंडात पडते, फटीकडे येत नाही. मोरीला जाळी आणि न्हाणी ट्रॅप बसवला तर खरकटे वरच अडते आणि वासही घरात येत नाही. ट्रॅप आठवड्याला एकदा साफ करण्याचे काम घरातल्या पोरांकडे द्यावे.

पाणी शेवटी जाते कुठे?

पाईप दुरुस्त केला आणि त्याचे तोंड भिंतीपासून दोन हातांवर उघडे सोडले, तर काम अर्धेच झाले. पाणी पायापासून लांब न्या. परसात केळ, अळू, शेवगा असेल तर तिकडे वळवा. जागा नसेल तर शोषखड्डा घ्या. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली आणि डास हटवले. पुढे तो प्रयोग 'नांदेड पॅटर्न' म्हणून ओळखला गेला. आपल्याकडे फक्त एक पथ्य पाळावे लागेल. काळ्या मातीत पाणी शोषले जात नाही, म्हणून खड्डा खालचा मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून, बोअरपासून आणि नळाच्या पाईपापासून तो लांब असावा.

सभासदांना विनंती

सामान फार लागत नाही: हॅक्सॉ, पॉलिश पेपर, कानस, पकड, तार, सायकलची ट्यूब, लांबीचे एक पाकीट आणि सोल्यूशनची डबी. एवढ्यासाठी कुणाची वाट बघत बसू नये. संडासचा मैलापाईप जमिनीखाली फुटला असेल, किंवा ओलीने भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली असेल, तर मात्र स्वतः खटाटोप न करता जाणता गवंडी बोलवावा. ती भिंत आधी तपासून घ्यावी आणि तोवर तिच्याजवळ अंथरूण टाकू नये.

मृगाच्या आत हे काम उरकावे. पाऊस लागला की पाईप कोरडा होत नाही आणि काळी माती उकरवत नाही. घरातल्या बाईने गळती दाखवली असेल तर ती खडूची खूण समजा. कारखान्यात जशी खूण पुसली गेल्याशिवाय मिल फिरत नाही, तशी घरातली खूणही आभाळ यायच्या आत पुसून टाका.